चार हंडे पाणी

“अलका, घंगाळ भरून आण गं आधी. आणि पितळी तांबे घे, स्टीलचे नको,” मी ओट्यावरून आत हाक दिली आणि पदर सारखा केला.

फाटकापाशी दोन जिपा धुरळ्यासकट येऊन थांबल्या होत्या. चैत्र सरत आलेला, डोक्यावर बारा वाजलेले. जिपांतून सात माणसं उतरली. पुढं आमचे सरपंच भिकाजी, नात्यानं माझे धाकटे दीर लागायचे. त्यांच्यामागं तालुक्याचे तहसीलदार. त्यांना आमच्याकडं रावसाहेब म्हणतात. मग गटविकास अधिकारी, एक चष्मेवाला इंजिनिअर, आमचे तलाठी कासार भाऊसाहेब आणि दोन ड्रायव्हर.

“वहिनी, साहेबांना जरा सावलीला बसू द्या,” भिकाजी म्हणाले. “विहीर बघून आलोत. चावडीच्या पत्र्याखाली पार भाजून निघतील.”

“बसू द्या म्हणून काय विचारता? ढेरंग्यांचं घर हाय हे. बसा, रावसाहेब.”

ते साल लागोपाठचं दुसरं कोरडं साल होतं. उंबरदऱ्याच्या ग्रामपंचायतीनं टँकरसाठी ठराव केला होता. असा ठराव तालुक्याला गेला की तहसीलदार आणि गटविकास अधिकारी मिळून गावात येतात, विहिरी बघतात, खरंच पाणी नाही का ते लिहितात आणि कागद जिल्ह्याला पाठवतात. त्याला संयुक्त पाहणी म्हणतात. हे मला आज सांगता येतं. त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं की, तालुक्याचा सगळ्यात मोठा माणूस चावडी सोडून माझ्या ओट्यावर आलाय.

अलकानं घंगाळ आणलं, पण अर्धंच. मी डोळे मोठे केले. ती आत गेली आणि काठोकाठ भरून घेऊन आली.

रावसाहेब अंगानं जड होते. त्यांनी बूट काढले, पाय धुतले, हात धुतले, तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि शेवटचा हबका मानेवर मारून “वा” म्हणाले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही तसंच केलं. अंगणात चिखल झाला. दोन कोंबड्या धावत येऊन त्यात चोची मारायला लागल्या. मी गुळाचे खडे पुढं केले, तांब्यानं पाणी दिलं. मग कैरीचं पन्हं केलं. मग चहा.

अलका माजघराच्या दाराआड उभी राहून मला हातानं काहीतरी खुणावत होती. मी जाऊन विचारलं, “काय गं?”

“आत्याबाई, दोनच हंडे राहिलेत,” ती पुटपुटली.

“मग दोन आणायचे. पाहुण्यांसमोर रडगाणं नको.”

बाहेर येते तर कासार भाऊसाहेबांना खोकल्याची उबळ आलेली. माझ्याकडं बघून खोकतायत, मान हलवतायत. मी त्यांना तांब्या भरून दिला. त्यांनी तो हातात धरला, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खोकले. मी दुसरा दिला.

“मावशी, पाणी गोड आहे तुमचं,” रावसाहेब म्हणाले. “कुठलं हे? विहिरीला तर हिरवा गाळच दिसला.”

“उंबराच्या झऱ्याचं. खाली दऱ्यात हाय.”

“लांब आहे?”

“लांब कुठलं? हे इथंच. ह्या कड्याखाली.” मी हात नुसता उडवला.

“आणि पुरतं का?”

आता खरं म्हणजे पाहणीचा सगळा प्रश्न हाच होता. पण माझ्या कानाला तो तसा लागला नाही. एखाद्यानं माझ्या पंगतीत बसून, वाढायला पुरेल ना, असं विचारावं, तसा तो मला लागला.

“रावसाहेब,” मी म्हटलं, “चार पिढ्यांत ह्या ओट्यावरून कुणी तहानलेलं उठलं न्हाई. तुम्ही प्या. कमी पडायचं न्हाई.”

चष्मेवाल्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझं नाव लिहिलं.

जाताना एक ड्रायव्हर डबा घेऊन आला. जीप तापलीय, इंजिनात घालायला पाणी मिळेल का म्हणाला. मी अलकाकडून शेवटचा हंडा उचलून आणवला आणि त्याच्यासमोर ठेवला. भिकाजींनी कपाळावर हात मारल्याचं मी पाहिलं, पण मला वाटलं, त्यांना ऊन लागलं असेल.

आठ दिवसांनी चावडीत कासार भाऊसाहेबांनी कागद वाचून दाखवला. ते हळू वाचत होते, मान खाली घालून. ‘सदर गावातील ग्रामस्थांकडे पिण्यासाठी व वापरासाठी पाणी उपलब्ध असल्याचे पाहणीत दिसून आले. पाण्याचा उद्भव दीड किलोमीटरच्या आत आहे. सबब टँकरची आवश्यकता दिसत नाही.’

एकेकानं मान वळवली, आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

“वहिनी,” भिकाजी म्हणाले, “मी त्यांना सावलीला बसवा म्हणलो होतो. आंघोळ घाला म्हणलो नव्हतो.”

“आन् तुमच्या जिभेला काय झालं होतं?” मी म्हटलं. “सरपंच तुम्ही. पन्हं दोनदा मागून प्यालात.”

तिथं मी गप्प बसले नाही, पण दुसऱ्या दिवशी गिरणीत गेले तर तुळसाबाईनं, जिची आणि माझी बांधावरून आधीच बोलाचाली होती, दळणाचा डबा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “ठकूबाई, पाय लई भरलेत माझे. येऊ का तुमच्या घंगाळात धुवायला?”

गिरणी चालू होती, तरी बाया हसलेलं ऐकू आलं. मी दळण तसंच टाकून परत फिरले.

घरी येऊन राग काढायला अलका होतीच.

“तू तरी बोलायचंस. दाराआडून माशा हाकल्यासारखे हात हलवत होतीस. सरळ सांगायला काय झालं होतं?”

अलका हंड्याला राख लावून घासत होती. तिचा डावा गुडघा फडक्यानं बांधलेला होता. गोठ्यात पाय घसरला असं तिनं आठवड्यापूर्वी सांगितलं होतं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मी घंगाळ अर्धं आणलं होतं.”

हंडा विसळायला पाणी नव्हतं, तो तिनं कोरड्या फडक्यानं पुसला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघाली.

संध्याकाळी कासार भाऊसाहेब आले. ओट्याच्या कडेला बसले. मी सवयीनं आत हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनीच हात वर केला. “नको ठकूबाई. मी घरून पिऊन आलोय.”

“भाऊसाहेब, त्या दिवशी तुम्हाला खोकला नव्हता ना?”

“नव्हता.”

“मग स्पष्ट बोलायचं होतं.”

“तहसीलदारांसमोर तलाठी खोकूच शकतो, ठकूबाई.” ते जरा हसले. मग म्हणाले, “एकदा तालुक्याची सही झाली की तालुका आपला शब्द बदलत नाही. पण वर कलेक्टर साहेब आहेत. टँकरवर शेवटची सही त्यांची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो, लोकांचं गाऱ्हाणं ते स्वतः ऐकतात. फक्त अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.”

“पहिला सोमवार कधी?”

“परवा.”

“मग परवा जाते. पंधरा दिवसांनी काय, वळवाची वाट बघत बसू?”

भाऊसाहेबांनी इकडं तिकडं बघितलं, पिशवीतून कागद काढला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात माझा अर्ज लिहून दिला. वर म्हणाले, “मी लिहिला हे कुणाला सांगू नका.” हे अक्षर सबंध तालुका ओळखायचा, पण मी मान हलवली.

सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं मी आणि भिकाजी जिल्ह्याला गेलो. त्या कचेरीच्या व्हरांड्यात एवढी माणसं होती की वाटलं, जिल्ह्यात घरी कुणी उरलंच नाही. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची रस्त्याची तक्रार, कुणाच्या शाळेला मास्तर नाही, एका म्हाताऱ्याच्या शेतातून वीजबोर्डाचा खांब हलत नव्हता. मला वाटायचं, कलेक्टर म्हणजे झेंडावंदनाला येतो तो माणूस. तिथं बसून कळलं, गावात जे जे कुणाचंच काम नसतं ते सगळं शेवटी इथं येतं.

अर्ज आधी दिला नव्हता म्हणून कारकुनानं आम्हाला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या टेबलासमोर खालीच बसले. “तुमचं संपू द्या,” म्हटलं. “मला घाई न्हाई. घरी पाणी भरायला जायचंय असं थोडंच हाय, तुमच्या कागदावर लई पाणी हाय आमच्याकडं.” चार वाजता सगळे संपल्यावर आम्हाला आत घेतलं. शिपायानं शाईचा पॅड पुढं केला. मी त्याला पेन मागितलं आणि तिसरीपर्यंत शिकलेलं सगळं पणाला लावून ‘ठकूबाई रामभाऊ ढेरंगे’ असं वेलांटीसकट लिहिलं.

कलेक्टर साहेब चाळिशीच्या आतले, दक्षिणेकडचे. मराठी सावकाश बोलायचे, एकेक शब्द ठेवून बघितल्यासारखे. शिपायानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. काचेवर गारव्याचे थेंब धरलेले. सकाळपासून घशात घोट नव्हता. मी ग्लास मागं सारला.

“पाणी घ्या, मावशी,” साहेब म्हणाले.

“नको साहेब. मी प्याले तर तुमचा माणूस लिहील, बाईला तहान न्हाई.”

बाजूला बसलेले चार अधिकारी एकमेकांकडं बघायला लागले. साहेबांनी अर्ज वाचला, मग तालुक्याचा अहवाल मागवून तोही वाचला.

“तुम्ही यांना पाणी दिलं होतं?”

“दिलं. पाय धुवायला दिलं, प्यायला दिलं, जीपलाही दिलं. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायचं न्हाई, असा तुमचा कायदा हाय का?”

भिकाजींनी माझा पदर ओढला. साहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत.

“मावशी, ऐका. माझ्याकडे पंधराशे गावं आहेत. मी प्रत्येक ठिकाणी जाऊ शकत नाही. तहसीलदारांचे डोळे, ते माझे डोळे. टँकर मागतात सहाशे गावं. माझ्याजवळ दीडशे आहेत. चुकीच्या गावाला मी एक दिला, तर कुठलं तरी बरोबर गाव तहानलेलं राहतं. ते पाप सही करणाऱ्याचं. म्हणून मी विचारतो. झरा किती दूर आहे?”

“कड्याखाली.”

“इथं लिहिलंय, दीड किलोमीटरच्या आत.”

“नकाशावर सरळ रेघ मारली आसंल. आमच्या बाया घारीसारख्या उडत जात न्हाईत. तुमच्या डोळ्यांनी पाणी प्यालं साहेब, तुमचे पाय चालले न्हाईत.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“बरं. मग चालत जायला किती वेळ लागतो?”

मी तोंड उघडलं. मला सांगता येईना.

“एक हंडा भरायला किती वेळ लागतो?”

मला माहीत नव्हतं.

“एका दिवसात किती खेपा?”

मी भिकाजींकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

“पाणी कोण आणतं तुमच्या घरी?”

“सून आणते.”

“मग ती का नाही आली? तिला सगळं सांगता आलं असतं.”

“ती पाण्याला गेलीय,” मी म्हटलं.

खोलीत पंखा फिरत होता. मला आठवतंय, मी त्या ग्लासाकडं बघत बसले होते. सून घरात आली त्या वर्षी मी हंडा खाली ठेवला. नऊ वर्षं झाली होती. आमच्याकडं हेच मानाचं होतं, सून आली की सासूच्या डोक्यावरची चुंबळ उतरते. मी ती मोठ्या तोऱ्यात उतरवली होती. माझ्या वेळी झरा मनगटाएवढा वाहायचा.

“गुरुवारी मी येतो,” साहेब म्हणाले. “पण तुमच्या ओट्यावर नाही. झऱ्यावर. वाट तुम्ही दाखवायची.”

“दाखवते की,” मी म्हटलं. नाही म्हणायची सवयच नव्हती.

गावात आल्या आल्या भिकाजींनी बेत सुरू केले. रिकामे हंडे घेऊन बाया वेशीत बसवायच्या, जिपा दिसल्या की गलका करायचा, विहिरीत आणखी चार पाट्या गाळ टाकायचा.

“काही करायचं न्हाई,” मी म्हटलं. “एकदा माझ्या तोऱ्यानं घालवलं, आता तुमच्या नाटकानं घालवू नका. आहे तेच दाखवायचं.”

“तुम्हाला तरी ठाऊक हाय का, काय आहे ते?” तुळसाबाई मागून म्हणाली.

तेवढं मात्र मला लागलं. बुधवारी उजाडायला अलकानं चुंबळ घेतली तेव्हा मीही दुसरी घेतली.

“आत्याबाई, तुम्ही कुठं?”

“वाट बघून ठेवते. उद्या साहेबांसमोर चुकायला नको.”

ती पुढं चालायला लागली.

कड्यापर्यंत ठीक होतं. तिथून खाली वाट उरलीच नव्हती, नुसता सुटा मुरूम. एका जागी तर बसून घसरत उतरावं लागलं. “इथं संभाळा,” अलका म्हणाली, “इथंच माझा गुडघा फुटला होता.” आणि तिनं जीभ चावली. गोठ्यात पडल्याचं तिनं मला सांगितलं होतं, ते तिला आठवलं असावं. मी ऐकलं नाही असं केलं.

उंबर तेवढा हिरवा होता. त्याच्या मुळाशी परातीएवढा खड्डा, आणि कपारीतून करंगळीएवढीसुद्धा नव्हे अशी धार. आमच्या पुढं सात बाया. एकीनं खड्ड्यातलं वाटीवाटीनं घ्यायचं, खड्डा आटला की हात मांडीवर ठेवून बसायचं, पुन्हा तळ भिजला की पुन्हा वाटी. ऊन कड्यावरून खाली आलं तेव्हा आमचा नंबर लागला.

मी निम्मा हंडाच घेतला. चढणीवर तीनदा खाली ठेवला. अलका दोन हंडे घेऊन माझ्या मागून येत होती, पुढं जात नव्हती, मी पडले तर म्हणून. तिसऱ्यांदा मी दगडावर बसले आणि विचारलं, “ते आले होते त्या दिवशी, चार हंडे होते घरात. ते किती खेपांचे?”

“दोन.”

“मंजी अख्खा दिवस.”

“आदल्या दिवशीचा निम्मा, त्या दिवशीचा निम्मा. धार तेव्हा जरा बरी होती.”

“आन् ते गेल्यावर तुम्ही काय प्यालात? तू आन् तुझी पोरगी?”

“पोरीला तुळसाबाईंनी दिलं तांब्याभर,” अलका म्हणाली. “उठा आत्याबाई, ऊन चढतंय.”

गुरुवारी दहाच्या सुमाराला जिपा आल्या. कलेक्टर साहेब उतरले, मागून रावसाहेब आणि तो चष्मेवाला इंजिनिअर. रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही नमस्कार केला तो मोघमच केला. गावात ना गलका, ना रिकाम्या हंड्यांची रांग. ओट्यावर मी कुणाला बसवलं नाही. घंगाळ आत पालथं होतं.

“चला,” म्हटलं.

मुरमाशी आल्यावर साहेब क्षणभर थांबले. मग खाली बसले आणि माझ्यासारखेच घसरत उतरले. त्यांच्या पांढऱ्या पँटची जी काय दशा झाली ती त्यांनी मागं वळूनही बघितली नाही. रावसाहेबांना उतरायला अर्धा तास लागला. दोनदा भिकाजींनी त्यांना काखेत हात घालून धरलं. नकाशावर रेघ मारायची इंजिनिअरची फूटपट्टी पिशवीतच राहिली.

झऱ्यावर बाया बसल्या होत्या. आज अलका सगळ्यात पुढं होती. साहेब एका दगडावर बसले, मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी हातात घेतलं आणि तिला म्हणाले, “भरा. मी आहे इथं असं समजू नका.”

अलकानं वाटी घातली. एक, दोन, पाच. खड्डा आटला. ती थांबली. पुन्हा वाटी. वर एक होला घुमत होता. रावसाहेब उंबराला पाठ टेकून उभे, रुमालानं मान पुसत. त्यांचा रुमाल भिजून गेला, हंडा गळ्यापर्यंतही आला नव्हता. साहेबांचे ओठ सुकून पांढरे पडलेले मला दिसत होते. त्यांची पाण्याची बाटली वर जिपेत राहिली होती. माझ्या दारात आलेला माणूस, जिल्ह्याचा धनी, तहानलेला बसलाय आणि त्याच्यासमोर हंडा भरतोय.

हंडा भरला तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं. “सत्तेचाळीस मिनिटं,” रावसाहेबांना म्हणाले. “लिहा.”

मग अलकानं वाटी धुतल्यासारखी बोटानं पुसली आणि माझ्याकडं वर बघितलं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. देऊ का. नऊ वर्षं ती घरातली प्रत्येक गोष्ट अशी नजरेनंच विचारत आली होती, आणि मी नजरेनंच हो म्हणत आले होते, जणू माझंच होतं ते.

“माझ्याकडं बघू नको,” मी म्हटलं. “पाणी तुझं हाय.”

हंड्यात वाटी बुडवून ती उठली आणि साहेबांसमोर धरली. “साहेब, एक वाटी देते,” म्हणाली. “दुसरी मागू नका.”

बाया गार पडल्या. भिकाजींनी डोळे मिटले. साहेबांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, थेंब सांडू न देता प्याले आणि तिला परत दिली. “नाही मागणार,” म्हणाले.

मग अलका रावसाहेबांकडं वळली. त्यांच्यासाठीही तिनं एक वाटी भरली. ते नको नको म्हणत होते, मान हलवत होते.

“घ्या,” ती म्हणाली, “आज जीप आणली न्हाई ना खाली?”

माझ्या सुनेला जीभ आहे हे मला त्या दिवशी कळलं. चांगली धारेची होती. कुणाकडून आली ते मी काही विचारलं नाही.

रविवारी टँकर आला. गावच्या हौदाला त्याचा पाइप लागला तेव्हा पोरं नाचली, आणि तुळसाबाईनं माझा हंडा आपल्या हंड्याच्या पुढं सरकवून दिला, का ते तिलाच ठाऊक. साहेबांनी अहवालात पुढं एक ओळ घातली असं भाऊसाहेब सांगत होते. आमच्या तालुक्यात इथून पुढं झऱ्याचं अंतर नकाशावर मोजायचं नाही, पाहणी करणाऱ्यानं एक हंडा भरेस्तोवर तिथं थांबायचं. भाऊसाहेबांची महिनाभरानं बदली झाली. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, “अक्षर ओळखलं त्यांनी. पण खोकला थांबला माझा.”

पाऊस लांबला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रावसाहेब टँकरच्या खेपा तपासायला एकटेच आले आणि जाता जाता आमच्या फाटकापाशी घुटमळले. मी बोलावलं. ओट्यावर बसवलं. आत हाक मारली नाही, स्वतः उठले, पितळी तांब्या भरून आणला आणि समोर ठेवला.

त्यांनी तांब्याला हात लावला नाही. बूट काढता काढता थांबले आणि हात जोडून म्हणाले, “आधी सांगा मावशी, पाणी टँकरचं आहे की सूनबाईचं?”

“टँकरचं हाय. खुशाल प्या,” मी म्हटलं. “सूनबाईचं तुम्हाला परवडायचं न्हाई.”

आत माजघरात भांडं पडल्यासारखा आवाज झाला. बघते तर अलका भिंतीला टेकून, तोंडाला पदर न लावता हसत होती.